इंजिन खोलायच्या आधी

वाचकाचं पत्र:

‘बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या दोन गाड्या शेडमध्ये उभ्या आहेत. एक २४ वर्षांचा चार सिलिंडरचा छोटा डिझेल ट्रक आणि दुसरी त्याहून जुनी, कार्बोरेटरची पेट्रोल कार. ट्रक आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेवते, कधीतरी माल आणायला नेते. कार दीड वर्षात जागची हललेली नाही. ट्रक रिकामा असला की ठीक चालतो. माल भरून चढ लागला की गरमीचा काटा तांबड्याकडे सरकतो. सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो. ब्रेकही दोनदा मारावा लागतो. गॅरेजमध्ये दाखवला तर इंजिन खोलावं लागेल, पूर्ण काम निघेल असं सांगितलं. कार तर बघितलीही नाही, भंगारात द्या म्हणाले. मला गाडी चालवता येते, हात काळे व्हायची भीती नाही, पण यातलं शिक्षण नाही. सुरुवात कुठून करू? आणि एवढ्या जुन्या गाड्यांमागे लागण्यात अर्थ आहे का?’

ताई,

ब्रेक दोनदा मारावा लागतो, हे तुम्ही धूर आणि गरमी सांगून झाल्यावर जाता जाता लिहिलंय. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. जुन्या गाडीला हात घालताना माझा क्रम ठरलेला आहे: आधी थांबणं, मग वळणं, मग चालणं. ब्रेकचं काम होईपर्यंत ट्रक फाटकाबाहेर काढू नका. रिकामासुद्धा नाही.

पेडल पायाखाली काय सांगतंय ते आधी ओळखा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा. पहिल्यांदा खोल गेलं आणि पुढच्या वेळी वर येऊन घट्ट झालं, तर बहुतेक ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं) आणि शू (त्याला आतून दाबून थांबवणारे) यांच्यातलं अंतर वाढलंय. म्हणजे शूवरचे लायनर झिजलेत किंवा ॲडजस्टर गंजून अडकलाय. वर येऊनही स्पंजासारखं दबत असेल तर पाइपात हवा आहे. आणि घट्ट झालेल्या पेडलवर पाय तसाच दाबून ठेवला असता ते हळूहळू खाली सरकत असेल, बाहेर मात्र कुठे थेंबही दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलने ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या सिलिंडरचं) रबर आतल्या आत दाब सोडतंय. हे तीन निरनिराळे आजार आहेत आणि तिघांची कामं निराळी आहेत. तुमच्या वर्णनावरून मला पहिल्याचा संशय जास्त आहे, पण पायाने पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

मग चारही ड्रम उघडायचे. त्याआधी गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घ्या, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या पुढे-मागे ओंडके लावा, आणि जॅकने उचलल्यावर चेसिसखाली किंवा ॲक्सलखाली घोड्या, म्हणजे वजन धरून ठेवणारे लोखंडी स्टँड लावा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्याचं एक सील फुटलं की गाडी क्षणात खाली बसते. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे घोडी म्हणून कधीही वापरू नका, ते आधी सूचना न देता फुटतात. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊन माणसं मेलेली आहेत आणि त्यातली बरीचशी अनुभवी होती.

चाकाचे नट सोडताना अजून एक. बऱ्याच जुन्या ट्रकना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. बोल्टच्या टोकावर तशी खूण असते. ती न बघता पाइप लावून जोर केला की बोल्ट तुटतो. आणि तुमच्या ट्रकच्या रिमला बाहेरून वेगळी लोखंडी रिंग बसवलेली असेल, तर चाकाला हात लावण्यापूर्वी वाल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. मागे जोडचाकं असतील तर दोन्हींची. अशा चाकात हवा भरणं हे पिंजरा असलेल्या टायरवाल्याचंच काम आहे. ती रिंग सुटली तर माणूस वाचत नाही.

ड्रम निघाला की आतली धूळ हवेने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मग व्हील सिलिंडरच्या (चाकात बसून शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) टोकाची रबरी टोपी नखाने थोडी उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळायला लागलाय, बाहेर थेंब यायची वाट बघू नका. लायनरवर ऑइल किंवा ग्रीस चढलं असेल तर ते धुऊन परत लावायचं नाही. दोन्ही बाजूंचे शू जोडीनेच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढेल.

रबरी ब्रेक होस हा जुन्या गाडीतला लपलेला शत्रू आहे. बाहेरून चांगला दिसतो, आतून सुजतो. मग पेडल दाबल्यावर तेल पुढे जातं पण पाय काढल्यावर परत येत नाही आणि एक चाक गरम होत राहतं. होसचं वय माहीत नसेल तर सगळे बदला.

ब्रेक ऑइलचंही असंच. डॉट ३ आणि डॉट ४ ही दोन्ही हवेतली ओल शोषून घेतात. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळायला हवं असं मानक सांगतं, ओल शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की ते तेल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी जुनं तेल पूर्ण काढून नवं भरायचं. झाकणावर जे लिहिलंय तेच भरा. इंजिन ऑइल किंवा दुसरं कोणतंही खनिज तेल चुकून गेलं तर सगळी रबरं फुगून निकामी होतात.

ब्लीडिंग करताना, म्हणजे पाइपातली हवा काढताना मात्र जपून. वर्षानुवर्षं पेडल अर्ध्यावरच काम करत आलेलं असतं, त्यामुळे मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग कधी वापरलेलाच नसतो आणि तिथे गंज धरलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या गंजावरून घासतं आणि कालपर्यंत चांगला असलेला सिलिंडर आज गळायला लागतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे पाय आपोआप अर्ध्यावर थांबेल. सुरुवात सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करतात.

तुमच्या वर्णनावरून ट्रकचे ब्रेक तेलाचे वाटतात. पण कधी हवेच्या ब्रेकच्या गाडीशी गाठ पडली, तर मागच्या स्प्रिंग चेंबरचा पट्टा घरी उघडू नका. आतली स्प्रिंग प्रचंड ताणात बसवलेली असते.

वळण्याचं थोडक्यात सांगतो. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) किंवा बॉल जॉइंट झिजलाय. डावी-उजवीकडे हलवून खेळ आला तर टाय रॉड एंड बघा. किंगपिनला ग्रीस देताना ॲक्सल उचलून चाक मोकळं लटकू द्या. वजन खाली असताना ग्रीस भरलं तर ज्या जागी भार पडतो तिथे ते पोचतच नाही, बाजूने बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं काम झालं.

आता इंजिनाकडे येतो. त्यांनी इंजिन खोलायला सांगितलं, पण तुमच्या पत्रात कुणी काही मोजल्याचा उल्लेख नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबल्यावर तयार होणारा दाब) नाही, ऑइलचा दाब नाही, पाण्याचं तापमान नाही. निळा धूर आणि चढणारा काटा ही लक्षणं आहेत. मोजमाप न करता इंजिन खोलायला मी स्वतः तयार होणार नाही आणि तुम्हीही होऊ नका.

गरम होण्याचं मूळ ते कधी होतं यावरून बरंच कळतं. उभ्या गाडीत, मंद गतीवर गरम होतं आणि पळायला लागलं की उतरतं, तेव्हा पंख्यात किंवा बेल्टमध्ये दोष असतो, कारण पळताना वारा पंख्याचं काम करतो. रिकाम्या गाडीत ठीक आणि भारावर गरम, हे तुमचं, तेव्हा पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता पुरेशी सोडत नाही असा पहिला संशय घ्यायचा. हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) यादीत आहे, पण खाली आहे.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा. गरम असताना कधीही नाही. तापलेलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. पाण्याची पातळी बघा, मग त्या झाकणाकडेच नीट बघा. त्याची स्प्रिंग आणि रबर हे ठरवतात की आत किती दाब राहील. झाकण १५ पीएसआयचं (हे दाबाचं एकक) असेल आणि तेवढा दाब धरून ठेवत असेल तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली की तो सगळा आधार जातो. सगळ्या शीतकरणात सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि सर्वांत शेवटी बदलली जाते तीही हीच.

त्यानंतर फॅन बेल्ट. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर ढोबळमानाने १० ते १५ मिलिमीटर दबायला हवा. आतल्या बाजूला काचेसारखी चमक आली असेल तर तो घसरतोय. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेले असतात. ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. मग गाडी गरम करून, इंजिन बंद करून, रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान घ्या. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन मिळते, ती घ्याच. जिथे अचानक थंड पट्टा लागतो तिथल्या नळ्या आतून क्षाराने बंद झाल्यात. त्याच गनने थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर मोजा आणि डॅशबोर्डवरच्या काट्याशी ताडून बघा. जुन्या गाड्यांत नुसत्या खराब अर्थिंगमुळे काटा तांबड्यात गेलेला मी अनेकदा पाहिलाय. अशा वेळी इंजिनाला काहीच झालेलं नसतं.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याच ट्रकसारख्या ट्रकची आहे. भारावर गरम व्हायचा. मी थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर उतरवून साफ करून आणला. तरी तेच. मालकाचे पैसे गेले आणि माझा आठवडा गेला. शेवटी बोनेट उघडं ठेवून, मदतनीसाला रेस द्यायला सांगून बघत उभा राहिलो, तेव्हा दिसलं की रेस वाढली की खालचा मोठा होस पंपाच्या ओढीने चपटा होतोय. आतली आधाराची स्प्रिंग गंजून गळून गेली होती. कमी गतीवर होस गोल, म्हणून शेडमध्ये दोष दिसायचाच नाही. त्या दिवसापासून मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बदलण्यापूर्वी लक्षण जिथे दिसतं त्याच परिस्थितीत गाडी बघतो. तुम्हीही रेस देऊन खालचा होस बघा. केस, ओढणी, बाह्या बांधून, हात पंख्यापासून लांब.

थर्मोस्टॅट काढून टाका म्हणजे गरम होणार नाही, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. इंजिन थंडच राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर लवकर झिजतात, इंधन जास्त लागतं. संशय असेल तर थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात लटकवा, तापमापक लावा आणि पाणी तापवा. त्याच्यावर ८२ लिहिलं असेल तर त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी आणखी तापलं की पूर्ण उघडला पाहिजे. भरताना नळाचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंटच्या रंगावरून त्याची जात ठरत नाही, दोन जाती मिसळू नका. आणि सांडलेलं लगेच धुवा, ते गोड लागतं म्हणून जनावरं चाटतात आणि मरतात.

हे सगळं ठीक निघालं तर मग गॅस्केट. थंड इंजिन, झाकण उघडं, सुरू केल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत असतील तर जळणाचा वायू पाण्यात शिरतोय. याची खात्री करायला गॅरेजमध्ये रंग बदलणाऱ्या द्रावाची छोटी चाचणी असते, ती मागून घ्या. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडं दुधाळ दिसलं तर घाबरू नका, ती नुसती साचलेली वाफ असू शकते. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ दिसलं तर मात्र इंजिन चालवू नका.

ती दुधाळ वाफ तुमच्याकडे असण्याची शक्यता आहे, कारण तुम्ही आठवड्यातून दहा मिनिटं ट्रक सुरू करता. हे चांगल्या मनाने होतंय, पण इंजिनाला घातक आहे. दहा मिनिटांत ऑइल पुरेसं तापत नाही, आत पाणी साचतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि सेल्फने खाल्लेली बॅटरी भरूनही येत नाही. ब्रेकचं काम झाल्यावर एकतर अर्धा-पाऊण तास भारावर चालवा, नाहीतर सुरूच करू नका.

आता धूर. सकाळचा निळसर धूर डिझेल गाडीत दोन कारणांनी येतो आणि दोन्ही दिसायला जवळपास सारखे असतात. नाकाने फरक कळतो. जळक्या तेलाचा वास असेल आणि मिनिटाभरात धूर संपत असेल, तर रात्रभरात वाल्व्ह सीलमधून थेंब थेंब ऑइल खाली उतरलंय. वाल्व्ह सील बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही, कित्येक इंजिनांत तर हेडही काढावं लागत नाही. उलट कच्च्या डिझेलचा वास येऊन डोळे चुरचुरत असतील आणि इंजिन पहिली काही सेकंद लंगडत असेल, तर ते न जळलेलं डिझेल आहे. ग्लो प्लग (थंड इंजिनात आतली हवा तापवणारे) असतील तर प्रत्येकाची वायर काढून मल्टिमीटरने रोध मोजा. चांगला प्लग अगदी कमी, १ ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारातला एक मेला तरी सकाळी धूर निघतो. दिवसभर, रेस देताना निळा धूर येत राहिला तरच पिस्टन रिंगांचा विचार करायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा.

इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाइपही बघा. तो तुंबला तर आतला दाब वाढतो आणि चांगलं इंजिनसुद्धा प्रत्येक सीलमधून ऑइल गाळायला लागतं. साफ केल्यावर १००० किलोमीटर चालवून ऑइल किती कमी झालं ते लिहून ठेवा. ‘ऑइल खातं’ या दोन शब्दांना आकड्याशिवाय अर्थ नाही.

यानंतर गॅरेजमध्ये जायचं ते दोन मोजमापांसाठी. पहिलं कॉम्प्रेशन, चारही सिलिंडरचं, गरम इंजिनावर. डिझेलला स्वतंत्र, जास्त दाबाचा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही. मॅन्युअलमधला किमान आकडा बघा, पण त्याहूनही चारांमधला फरक बघा. सगळे थोडे कमी पण सारखे असतील तर इंजिन वयाप्रमाणे झिजलंय आणि अजून बरंच चालेल. एकच खूप खाली असेल तर दोष त्या एका जागी आहे. पेट्रोल इंजिनात कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वाल्व्ह. डिझेलवर ही युक्ती कुणी करू लागलं तर थांबवा. तिथे पिस्टनच्या वर जागाच इतकी कमी असते की थोडं ऑइलही आकडा फसवतं आणि जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसरं मोजमाप ऑइलच्या दाबाचं. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर नाही, यांत्रिक गेज लावून. जुना ढोबळ नियम असा की गरम इंजिनाला दर १००० फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय हवं. दाब चांगला आणि कॉम्प्रेशन सारखं असेल, तर इंजिन खोलायला कुणी कितीही सांगितलं तरी नको म्हणा.

डिझेलची लाइन तपासताना गळती हाताने चाचपू नका. इंजेक्टरचा बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. तसं झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखान्यात जा आणि डिझेल घुसलंय असं स्पष्ट सांगा. फिल्टरखालचं पाणी सोडायचा स्क्रू महिन्यातून एकदा उघडा. तिथून काळा, चिकट गाळ आला तर टाकीत पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढलेत, टाकी उतरवून धुवावी लागेल.

विजेचं काम जुन्या गाडीत जास्त करून वायरच्या टोकांचं असतं. रात्रभर उभी राहिलेली १२ व्होल्टची चांगली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर सगळं दुप्पट करा. सेल्फ मंद फिरत असेल तर तो बदलण्यापूर्वी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर लावून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची पट्टी काढा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा, घट्ट आवळा. कितीतरी सेल्फ आणि आल्टरनेटर विनाकारण बदलले जातात ते या एका पट्टीमुळे.

कारकडे येतो. तिला भंगारात देण्याचा निर्णय इंजिन बघून होत नाही, तळ बघून होतो. तुमच्या ट्रकला वेगळी चेसिस आहे, ती गंजली तरी जाणकार वेल्डर ठिगळ देऊ शकतो. कारला बहुधा वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. घोड्यांवर घेऊन खाली जा. दाराखालचा पोकळ पन्हाळ, पायाखालचा पत्रा आणि विशेष करून मागच्या-पुढच्या सस्पेन्शनच्या बोल्टच्या आसपासची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. बद्द आवाज आला किंवा मूठ आत गेली तर टोकाने टोचून बघा. दारं आणि पन्हाळ यांच्या तळाला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात, ती मातीने बुजली की गंज आतून सुरू होतो. तारेने मोकळी करा. सस्पेन्शनच्या जागा कुजल्या असतील तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं आहे आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. त्या शाबूत असतील तर कार वाचवण्यासारखी आहे.

पण किल्ली फिरवू नका. दीड वर्ष उभ्या इंजिनाला पहिला सेल्फ मारणं हे सर्वांत मोठं नुकसान करतं. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक दिवस मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेऱ्या, नेहमीच्या दिशेने फिरवा. कुठे अडलं तर जबरदस्ती न करता थांबा. इंजिनाला टायमिंग बेल्ट (वाल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल तर आधी तो बदला. रबर किलोमीटरने जितकं झिजतं तितकंच वयानेही. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की वाल्व्ह पिस्टनवर आदळतात.

टाकीतलं पेट्रोल काढून टाका. शिळ्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबट वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरचे जेट बंद करतो. जेट साफ करायला तार घालू नका, भोक मोठं झालं की गाडी कधीच नीट लागत नाही. क्लीनर आणि हवा एवढंच. इंधनाच्या रबरी नळ्या सगळ्या बदला. जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसत नाही, ते चिरतं आणि गरम इंजिनावर गळतं. आजच्या पेट्रोलला चालते अशी नळी मागून घ्या.

दोन्ही गाड्यांचे टायर नक्षी बघून पास करू नका. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा ३५वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे. दहा वर्षांवरचा टायर नवा दिसला तरी मी रस्त्यावर नेत नाही, मालाच्या ट्रकवर तर मुळीच नाही.

पार्ट मिळत नाहीत ही तक्रार तुम्ही ऐकाल. ती अर्धीच खरी आहे. बेअरिंग आणि ऑइल सील हे गाडीच्या नावाने नाही, मापाने मागायचे. बेअरिंगवर ६२०५ कोरलेलं असेल तर शेवटच्या ०५ला ५ने गुणा, आतला व्यास २५ मिलिमीटर. हा हिशेब ०४पासून पुढे चालतो. सीलवर ३५-५०-८ असं लिहिलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. अशी वस्तू शेतीच्या यंत्रात, कारखान्याच्या मोटारीत, कुठेही लागत असते आणि कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. जुना पार्ट हातात घेऊन जा आणि नवा बसून गाडी नीट चालेपर्यंत जुना टाकू नका. गिअर ऑइल घेताना मात्र मॅन्युअल बघा. डिफरन्शिअलचं जीएल-५ जुन्या गिअरबॉक्समध्ये भरलं तर त्यातली रसायनं पितळी सिंक्रोनायझर रिंगा खाऊ शकतात. मॅन्युअलने जीएल-४ सांगितलं असेल तर तेच.

अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंत. ट्रकच्या बाबतीत माझं उत्तर हो असंच आहे. जुन्या डिझेल ट्रकमध्ये जे आहे ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, पान्याने सुटतं. शिकणाऱ्या माणसाला याहून चांगली गाडी नाही. कारचं उत्तर तिचा तळ देईल. बाबांची वही किंवा बिलं कुठे सापडतात का बघा. टायमिंग बेल्ट, क्लच, ब्रेक कधी केले हे त्यांनी लिहून ठेवलं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. नसेल तर आजच्या किलोमीटरपासून तुमची वही सुरू करा: तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय आकडा आला, काय बदललं.

पहिल्या महिन्यात ट्रकचे ब्रेक, घोड्यांसह. मग रेडिएटरचं झाकण, बेल्ट, खालचा होस. चाकं परत लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, ते थोडे बसतातच. मग गॅरेजमध्ये जाऊन दोन्ही मोजमापं घ्या आणि मला लिहा: चारही सिलिंडरचे आकडे वेगवेगळे, ऑइलचा दाब मंद गतीवर किती आणि २००० फेऱ्यांवर किती, आणि सकाळच्या धुराला वास तेलाचा आहे की डिझेलचा.